हवा भरण्याचे यंत्र कोणी घ्यावे?

ऑक्टोबर २०२२ मध्ये कैरो येथे भरलेल्या जागतिक नेमबाजी स्पर्धेत ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने, वयाची एकोणीस वर्षेही पुरी झालेली नसताना, दहा मीटर एअर रायफलचे विश्वविजेतेपद पटकावले आणि अभिनव बिंद्राने २००६ साली झाग्रेबमध्ये मिळवलेला मान सोळा वर्षांनी पुन्हा भारताकडे आला, ही घटना ठाणेकरांच्या अभिमानाचा विषय व्हावी हे स्वाभाविकच होते. परंतु अभिमानाच्या पाठोपाठ अनुकरण येते आणि अनुकरणाच्या पाठोपाठ खरेदी येते, या क्रमाने आता माजिवड्यापासून गायमुखापर्यंत पसरलेल्या घोडबंदर रोडवरील गृहसंकुलांत अशी कुटुंबे भेटू लागली आहेत, की ज्यांच्या कपाटात दोन-तीन लाख रुपयांची जर्मन किंवा ऑस्ट्रियन बनावटीची एअर रायफल कुलूपबंद आहे आणि तिच्यात हवा कशी भरावी हा प्रश्न ज्यांच्यापुढे उभा आहे. बंदूक विकताना विक्रेत्याने तिच्या दस्त्याची, नळीची आणि घोड्याच्या हलकेपणाची महती तासभर सांगितलेली असते. हवेविषयी मात्र 'ती काय, कुठेही भरून मिळेल' एवढ्यावरच त्याने विषय आटोपता घेतलेला असतो.

कॉम्प्रेसर कोणता घ्यावा, असे हे पालक विचारतात. माझे मत असे, की त्यांच्यापैकी बहुतेकांनी तो घेऊच नये. आणि ज्यांनी घ्यायला हवा, म्हणजे ज्यांच्या रेंजवर ही मुले दरमहा शुल्क भरून सरावाला जातात त्या संस्थांनी, तो स्वस्तातला घेऊ नये. या मताची कारणे थोड्या विस्ताराने मांडावी लागतील, कारण ती बंदुकीत कमी आणि आपल्या हवापाण्यात अधिक आहेत.

एअर रायफल म्हटली की जत्रेत फुगे फोडण्यासाठी मिळणारी, नळी मोडून स्प्रिंग ताणण्याची बंदूक आपल्या डोळ्यांपुढे येते. १९८४ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये एअर रायफलला प्रथम प्रवेश मिळाला त्या काळी स्पर्धेतील नेमबाजालाही प्रत्येक गोळीमागे बाजूची दांडी ओढावी लागे. पुढे ही पद्धत मागे पडली आणि आधीच दाबून भरलेल्या हवेची बंदूक, जिला नेमबाजांच्या बोलीत सरसकट पीसीपी म्हणतात, सर्वत्र रूढ झाली. तिच्या नळीखाली सुमारे पावशेर पाणी मावेल एवढे, म्हणजे ०.२ लिटरच्या आसपास धारणेचे एक सिलिंडर असते. त्यात २०० बार, काही बनावटींत ३०० बार दाबाने हवा भरलेली असते. आणि घोडा दाबताच झडप क्षणार्धासाठी उघडून त्यातील अत्यल्प हवा अर्ध्या ग्रॅमच्या शिशाच्या गोळीला सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने पुढे ढकलते. सिलिंडरातील दाब प्रत्येक गोळीगणिक उतरत असला, तरी गोळीचा वेग उतरू नये म्हणून मध्ये एक रेग्युलेटर बसवलेला असतो, आणि सारी करामत त्या अंगठ्याएवढ्या पितळी नगात आहे. रायफलच्या निशाणपत्रावरील दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटर व्यासाचा असतो हे लक्षात घेतले, म्हणजे या रेग्युलेटरने किंचित जरी आळस केला तरी त्याची किंमत कशी मोजावी लागते, हे निराळे सांगण्याचे कारण उरत नाही.

कल्पना म्हणून हे सारे जुनेच आहे. टायरॉलकडच्या जिरार्डोनी नावाच्या कारागिराने घडवलेली हवेची रायफल ऑस्ट्रियाच्या सैन्याने १७८० च्या सुमारास स्वीकारली होती. तिला धूर नव्हता, दारू भिजण्याची भीती नव्हती, आणि लागोपाठ वीसेक गोळ्या झाडण्याची सोय तिच्यात असल्याने त्या काळच्या ठासणीच्या बंदुकीपुढे ती अद्भुतच वाटत असली पाहिजे. परंतु तिची टाकी भरण्यास हातपंपाचे सुमारे पंधराशे दट्टे मारावे लागत, टाक्या नाजूक आणि गळक्या असत, आणि काही दशकांतच ती सैन्याच्या दप्तरातून बाद झाली. बंदूक उत्तम असून तिला हवा पुरवण्याची व्यवस्था निकृष्ट असली म्हणजे काय होते, याचा हा दोनशे वर्षांपूर्वीचा दाखला मला आजच्या पालकांपुढे ठेवावासा वाटतो.

आता कॉम्प्रेसरकडे वळू. घोडबंदर रोडवर या यंत्राची वाण नाही. न्हावाशेव्याकडून गुजरातकडे आणि तिकडून इकडे रात्रंदिवस जाणाऱ्या अवजड वाहनांच्या सेवेसाठी रस्त्याच्या कडेला पंक्चरवाल्यांची जी दुकाने थाटलेली आहेत, त्या प्रत्येकात लाल-निळ्या टाकीचा एक कॉम्प्रेसर धडधडत असतो, आणि रायफलचे सिलिंडर पिशवीत घालून तेथे भाबडेपणाने चौकशी करणारे सद्गृहस्थही मी पाहिले आहेत. मोटारीच्या टायरला सव्वादोन बार पुरतात, मालमोटारीला सात-आठ, म्हणून पंक्चरवाल्याचे यंत्र आठ-दहा बारांपलीकडे जात नाही. रायफलला २०० बार, म्हणजे टायरवाल्यांच्या मापात २,९०० पीएसआय लागतात. हे अंतर मोठी मोटर बसवून भरून निघणारे नव्हे. हवा दाबली की तापते, आणि डिझेलचे इंजिन याच तत्त्वावर ठिणगीवाचून पेटते. बाहेरची हवा एका दमात २०० बारांपर्यंत दाबली, तर गणिताने तिचे तापमान हजार अंशांच्या वर जाते. म्हणून उच्चदाबाच्या यंत्रात हवा टप्प्याटप्प्याने दाबतात आणि प्रत्येक टप्प्यानंतर तिला थंड करतात. तीन टप्पे केले तर प्रत्येक टप्प्याअखेरचे तापमान सव्वादोनशे अंशांच्या आसपास राहते. दोनच टप्प्यांत भागवायचे ठरवले तर ते पावणेचारशेच्या घरात जाते. बाजारात स्वस्त मिळणारी लहान यंत्रे बहुधा दोन टप्प्यांची असतात. आणि त्यांतील रबरी कड्या, म्हणजे ओ-रिंगा, महिन्या-दोन महिन्यांत का जळतात, वंगणाचा करपट वास हवेला का येतो, आणि विक्रेता सुरुवातीलाच दोन जादा पुड्या ओ-रिंगा 'फुकट' का देतो, याचा उलगडा या एका हिशेबात होतो.

तथापि उष्णता हा गौण शत्रू आहे. मुख्य शत्रू पाणी आहे, आणि याविषयी यंत्राबरोबर येणाऱ्या परदेशी माहितीपत्रकात दोन ओळींपलीकडे काही नसते, कारण ती ज्या देशांतील गिऱ्हाइकासाठी लिहिली जातात तेथे हे संकट एवढे उग्र नाही. जर्मनीतील एखाद्या घरात वीस अंश तापमान आणि निम्मी आर्द्रता असेल, तर एका घनमीटर हवेत आठ-नऊ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने असते. ठाण्यात जुलैच्या दुपारी, एका अंगास येऊरच्या डोंगरावर ढग टेकलेले आणि दुसऱ्या अंगास खाडी भरलेली असताना, त्याच घनमीटरमध्ये बावीस-तेवीस ग्रॅम पाणी असते. ०.२ लिटरच्या सिलिंडरात २०० बार दाबाने आपण जी हवा कोंबतो ती मोकळ्या हवेच्या मापाने ४० लिटर होते. त्या ४० लिटरमध्ये जवळजवळ एक ग्रॅम पाणी असते. आणि दाबलेल्या हवेत वाफ धरून ठेवण्याची जागाच उरत नसल्याने त्यातील बहुतेक सारे द्रवरूप होऊन खाली बसते. एक ग्रॅम म्हणजे वीसेक थेंब. वाचताना ही संख्या क्षुल्लक वाटेल. ज्या यंत्रभागाची कसोटी अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यावर लागते, त्याच्या पोटात दर भरण्याबरोबर वीस थेंब पाणी आणि वर थोडे तेल जात राहावे, ही गोष्ट मला तरी क्षुल्लक वाटत नाही. श्वसनासाठी वापरावयाच्या दाबलेल्या हवेचे जे युरोपीय मानक आहे त्यात २०० बारांपर्यंतच्या हवेला घनमीटरमागे ५० मिलिग्रॅमपेक्षा अधिक पाणी चालत नाही. म्हणजे आपल्या सिलिंडरात एक ग्रॅमऐवजी दोन मिलिग्रॅम.

वाघबीळच्या परिसरातील एका परिचितांच्या सज्जात मी हे यंत्र चालताना पाहिले आहे. पाण्याने थंड होणारा लहानसा कॉम्प्रेसर, शेजारी प्लास्टिकची बादली, तिच्यात बर्फाचे तुकडे आणि एक लहान बुडीत पंप, आणि फरशी खराब होऊ नये म्हणून खाली पसरलेले कालचे वर्तमानपत्र, असा सारा थाट होता. गेजचा काटा २०० वर येताच त्यांनी यंत्र थांबवून खालची निचऱ्याची झडप उघडली. आणि फिस्कारून जो पांढुरका, चिकट फेस बाहेर पडला त्याने वर्तमानपत्राचे अर्धे पान भिजले. यंत्राने आपले काम केले होते, कारण हा फेस बाहेर पडला. परंतु त्याच्यापुढे गाळणी म्हणून जी नळी होती तिच्यात कापसाची एक गुंडाळी तेवढी होती, आणि ती पावसाळा सुरू झाल्यापासून बदललेली नव्हती. त्यांच्या मुलाची रायफल पुढे कारागिराकडे गेली. रेग्युलेटर उघडल्यावर त्यातील बशीच्या आकाराच्या, एकावर एक रचलेल्या पोलादी वायसरांवर तांबूस गंज आढळला, पितळेवर हिरवट डाग होते, आणि दाब स्थिर धरण्याचे ज्या वायसरांचे काम त्याच अडखळत असल्याने गोळ्या कधी उंच तर कधी खाली जात होत्या. मधल्या तीन महिन्यांत मुलाचे चित्त स्थिर नाही असे ठरवून त्याला ध्यानधारणेच्या वर्गाला घालण्यात आले होते. मुलगा गुणी, त्याने तोही वर्ग पुरा केला.

तेव्हा यंत्राची निवड करताना पहिला प्रश्न दाबाचा नसून सुकवणुकीचा असावा. ३०० बारांचा आकडा पेटीवर सर्वच उत्पादक छापतात. हवा यंत्रातून निघाल्यावर तिच्यातील पाणी व तेल वेगळे करणारे पात्र आहे काय, त्यानंतर आर्द्रता शोषणाऱ्या द्रव्याचा आणि तेलाचा अंश टिपणाऱ्या कोळशाचा पुरेसा मोठा फिल्टर आहे काय, आणि मुख्य म्हणजे तो फिल्टर किती तासांनी बदलावा लागतो व बदली माल येथे मिळतो काय, हे विचारावे. आणखी एक तांत्रिक बाब बहुतेकांना ठाऊक नसते: फिल्टरच्या पुढे दाब रोखून धरणारी झडप असावी लागते. ती नसेल तर भरण्याच्या प्रारंभी हवा कमी दाबाने, म्हणून अधिक वाफ घेऊन, फिल्टरातून भरकन निघून जाते आणि फिल्टर असूनही नसल्यासारखा होतो. ज्या विक्रेत्याला ही झडप म्हणजे काय हे समजावून सांगावे लागते, त्याच्याकडून यंत्र घेऊ नये, असा माझा सरळ सल्ला आहे.

श्वसनाच्या हवेसाठी बनवलेले मोठे कॉम्प्रेसर, जे पाणबुड्यांच्या आणि अग्निशमन दलाच्या सिलिंडरांसाठी वापरतात, या कसोटीस उतरतात. धुरात शिरणाऱ्या जवानाच्या पाठीवरील सिलिंडर ३०० बारांपर्यंत भरलेले असते, आणि ती हवा माणसाच्या फुप्फुसात जावयाची असल्याने तिच्या शुद्धतेत हयगय चालत नाही. तीन किंवा चार टप्पे, हवेने वा पंख्याने थंड होणाऱ्या नळ्या, भरभक्कम फिल्टर, आपोआप निचरा होण्याची व ठरल्या दाबाला बंद पडण्याची व्यवस्था, असा हा सरंजाम असतो आणि त्याची किंमत काही लाखांत जाते. एका मुलाच्या एका रायफलसाठी असा खर्च कोणी सुज्ञ माणूस करणार नाही. परंतु तीस मुलांच्या रेंजने तो केला तर प्रत्येक मुलामागे वर्षाकाठी येणारा बोजा पालक स्पर्धांच्या प्रवासावर जे उधळतात त्याच्या मानाने किरकोळ ठरेल. आणि असे यंत्र नीट ठेवले तर वर्षानुवर्षे चालते.

आणि घरी काय करावे? घरी हातपंप ठेवावा. तीन टप्प्यांचा हातपंप काही हजारांत मिळतो, त्याला वीज लागत नाही, शेजाऱ्यांना त्याचा आवाज जात नाही, आणि २०० बारांवरून १२० वर आलेले सिलिंडर पुन्हा भरण्यास शंभराच्या आसपास दट्टे पुरतात. हातपंपही पाणी ओढतो, हे कबूल. परंतु तो सावकाश चालवला, दर पाच मिनिटांनी थांबून त्याचा बुडखा निवू दिला, निचऱ्याची झडप उघडून पाणी काढले, आणि हवा आत घेण्याच्या तोंडाशी सिलिका जेलची डबी लावून तिचे दाणे रंग पालटताच बदलले, तर त्याचे पाप आटोक्यात राहते. दट्टे मारण्याचे श्रम वडिलांनी स्वतःकडे घ्यावेत, मुलाकडे देऊ नयेत. स्पर्धेआधी खांदे थकवून घेण्यात काही शहाणपण नाही. एका भरण्यात दोनशेच्या वर गोळ्या सहज निघतात आणि पात्रता फेरी साठ गोळ्यांची असते, म्हणजे सामन्याच्या दिवशी घरून भरून नेलेले सिलिंडर पुरून उरते, हाही हिशेब ध्यानात ठेवावा.

मोठे सिलिंडर घरी आणून त्यातून रायफल भरण्याचा तिसरा मार्ग काहीजण सुचवतात. ६.८ लिटरचे, ३०० बारांचे सिलिंडर जर खरोखर कोरड्या हवेने भरलेले असेल तर तो मार्ग सर्वांत सुखाचा आहे; एका जाड लवचीक नळीने रायफल जोडावी, झडप हळूहळू उघडावी, काम संपले. पण ते सिलिंडर ठाण्याच्या दमट हवेवर चालणाऱ्या फिल्टरविहीन यंत्रातून भरले असेल तर त्यात चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम पाणीही विकत घेतलेले असते. शिवाय येथे कायदा येतो. गॅस सिलिंडर नियम, २०१६ यांच्या दृष्टीने अर्ध्या लिटरहून मोठे असे दाबलेल्या वायूचे धातूचे बंद पात्र म्हणजे गॅस सिलिंडर होय. ते मान्यताप्राप्त बनावटीचे असावे लागते, ठरावीक मुदतीने त्याची पाण्याच्या दाबाखाली चाचणी व्हावी लागते, आणि या साऱ्याची देखरेख करणाऱ्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय आपल्याच नागपुरास आहे. रायफलचे लहान सिलिंडर या व्याख्येतून सुटते खरे, तरी त्यालाही आयुष्याची मर्यादा असते. बहुतेक उत्पादक ती दहा वर्षे ठरवतात, तारीख सिलिंडरावर कोरलेली असते, आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांत मुदत सरलेले सिलिंडर वापरता येत नाही. जुनी रायफल घेणाऱ्याने नळी पाहण्याआधी ही तारीख पाहावी.

एका गोष्टीविषयी मात्र सल्ल्याची भाषा पुरेशी नाही, निषेधच करावयास हवा. घोडबंदर रोडवर फॅब्रिकेशनची दुकाने पुष्कळ आहेत, त्यांच्या दारात काळे उंच सिलिंडर उभे असतात, त्यांत दाबही भरपूर असतो. आणि 'त्यातून भरून घ्या, हवाच ती' असे सांगणारा कोणीतरी हुशार मनुष्य भेटतोच. ती हवा नव्हे. काळ्या सिलिंडरात ऑक्सिजन असतो. उच्च दाबाचा शुद्ध ऑक्सिजन रायफलमधील तेलाच्या किंवा ग्रीसच्या लहानशा अंशाशी गाठ पडताच पेट घेऊ शकतो, आणि ज्याच्या गालाशी ती रायफल टेकलेली असते त्याचे काय होईल हे लिहवत नाही. कोरडा नायट्रोजन चालतो, तो रेग्युलेटरला हवेपेक्षाही मानवतो. परंतु सर्वसाधारण सिलिंडरात तो १५० बारांच्या आसपास असतो, म्हणून २०० पर्यंत पोचत नाही, आणि बंद खोलीत त्याची गळती झाली तर श्वास कोंडण्याचे भय आहे. ऑक्सिजन कधीही नाही, एवढे मुलांच्या सरावाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

सज्जातील यंत्राविरुद्ध आणखीही आक्षेप आहेत. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. दाबाच्या शेवटच्या टप्प्यात ठोके घालणारा कॉम्प्रेसर ती सहज ओलांडतो, आणि मग गृहनिर्माण संस्थेच्या बैठकीत जो कज्जा उभा राहतो त्यात मुलाच्या पदकांची ढाल फार वेळ टिकत नाही. डोंबिवलीने २०१६ च्या आणि २०२४ च्या मे महिन्यांत वस्तीलगतच्या कारखान्यांतील स्फोट अनुभवले आहेत. त्या रासायनिक कारखान्यांशी या खेळण्याएवढ्या यंत्राची तुलना करणे अतिशयोक्तीचे होईल, आणि मी ती करीत नाही. परंतु त्या दोन घटनांनंतर या जिल्ह्यातील माणसाने वस्तीत दाबाखाली ठेवलेल्या कोणत्याही पात्राकडे निष्काळजीपणे पाहू नये, एवढी अपेक्षा गैर म्हणता येणार नाही. ३०० बारांची नळी निसटली तर तिचा तडाखा हाड मोडण्यास पुरेसा असतो. सज्जात बहुधा कपडे वाळत असतात आणि लहान मुले खेळत असतात.

येथे दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचाही उल्लेख करणे भाग आहे. मोठ्या कॉम्प्रेसरची चौकशी करणारे सर्वच खेळाडू नसतात. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे २० जूलपेक्षा अधिक ऊर्जेच्या किंवा ०.१७७ इंचाहून, म्हणजे ४.५ मिलिमीटरहून मोठ्या नळीच्या एअर गनला परवाना लागतो. स्पर्धेची रायफल साडेसात जूलच्या आसपासच असते, म्हणून ती त्यात येत नाही. ज्यांना याहून जबर बंदूक हवी असते त्यांच्या मनात कागदी निशाण क्वचितच असते, आणि येऊरचे जंगल या रस्त्याच्या अगदी उशाशी आहे. त्या सद्गृहस्थांना कॉम्प्रेसरविषयी सल्ला देण्याची माझी इच्छा नाही.

माझ्या प्रतिपादनावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. घोडबंदर रोडवर मेट्रोचे खांब उभे राहू लागल्यापासून कासारवडवलीहून मानपाड्यास जाण्याचे काम संध्याकाळी किती वेळ खाते हे सर्वांस विदित आहे. तेव्हा हवेसाठी रेंजवर खेटे घालावेत, आणि तेथे गेल्यावर यंत्र नादुरुस्त, चालवणारा रजेवर, किंवा फिल्टर 'मागवला आहे' असे ऐकावे, यापेक्षा घरचे यंत्र काय वाईट, असे पालक म्हणतात. या म्हणण्यातील अर्धा दोष रस्त्याचा आहे. उरलेला अर्धा रेंजचालकांचा आहे. पुष्कळ संस्था प्रशिक्षकाचे नाव, इलेक्ट्रॉनिक निशाणपट आणि वातानुकूलन यांची जाहिरात करतात. हवा हा त्यांच्या लेखी पाण्याच्या पिंपासारखा कोपऱ्यात ठेवण्याचा विषय असतो. भारतीय राष्ट्रीय रायफल असोसिएशन १९५१ साली स्थापन झाली आणि लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळणकर तिचे पहिले अध्यक्ष झाले. त्या पिढीच्या रायफल क्लबांत शस्त्र संस्थेचे, काडतूस संस्थेचे, आणि दोहोंची पै-पैची नोंद संस्थेच्या वहीत, अशी शिस्त असे, कारण काडतुसाशिवाय रायफल म्हणजे नुसती काठी. आजच्या एअर रायफलचे काडतूस म्हणजे तिची हवाच आहे. ते खरेदी करण्याची, तपासण्याची आणि मोजून देण्याची जबाबदारी पालकांच्या सज्जावर ढकलणारी रेंज आपले मूळ काम टाळीत आहे, असे मी समजतो.

प्रिसिहोलसारख्या कंपनीने ठाणे जिल्ह्यातूनच देशी बनावटीच्या एअर रायफली बाजारात आणल्या, म्हणजे या परिसरास सूक्ष्म यंत्रकामाचे वावडे नाही. वागळे इस्टेटमधील कारखान्यांत दाबलेली हवा सुकवण्याची यंत्रे रोजच्या वापरात आहेत आणि ती सांभाळणारे कुशल फिटर याच रस्त्यावर राहतात. दोन-तीन शाळा आणि एखादी रेंज एकत्र आली, महापालिकेच्या क्रीडा विभागाकडे रीतसर तजवीज मांडली, आणि श्वसनहवेच्या दर्जाचा एक कॉम्प्रेसर, त्याच्या देखभालीचा वार्षिक करार आणि एक शिकलेला माणूस एवढ्याला मंजुरी मिळवली, तर मानपाड्यापासून ओवळ्यापर्यंतच्या सर्व नेमबाज मुलांची सोय होईल. या कामी नुसते यंत्र मागू नये; फिल्टरचा आणि माणसाच्या पगाराचा खर्च त्याच अर्जात मागावा, कारण आपल्याकडे सार्वजनिक यंत्रे बहुधा खरेदीच्या पैशाअभावी नव्हे, तर दुसऱ्या वर्षीच्या सुट्या भागांअभावी बंद पडतात.

तोवर पालकांच्या हाती एक उपाय आहे. रेंजवर हवा भरण्याच्या यंत्राशेजारी एक रोजकीर्द असावी: यंत्र किती तास चालले, पाण्याचा निचरा केव्हा केला, फिल्टर कोणत्या तारखेस बदलला, तेल कोणते घातले, कोणाच्या सिलिंडराची मुदत कधी संपते. मुलाचा प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी ही वही मागून पाहावी, विशेषतः जून ते सप्टेंबरची पाने. आणि वही दाखवण्यास टाळाटाळ झाली, किंवा अशी वही ठेवतात हे तेथील माणसाला प्रथमच समजत आहे असे दिसले, तर शुल्काचे पैसे परत खिशात घालून दुसरी रेंज शोधावी.